जे अक्षर खिळ्यात उतरलंच नाही

हट्टा हे वसमत तालुक्यातलं गाव. जिल्हा हिंगोली, पण तो १ मे १९९९ पासून, त्याआधी परभणी. आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबादच्या निजामाचा. सरकारी दप्तर आधी फारसीत चाले, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणापासून उर्दूत. घरात, शेतात, बाजारात मराठी. कचेरीच्या दारावर मात्र उजवीकडून डावीकडे जाणारं अक्षर. अशा गावात देवनागरीचं छापील, ठसठशीत, सजलेलं अक्षर येई ते पंचांगातून, पोथीतून आणि देवाच्या तसबिरीखालच्या ओळीतून. म्हणजे मुंबई-पुण्याहून.

आज त्याच अक्षराला पुन्हा भाव आला आहे. मिसळीच्या दुकानाची पाटी, लग्नपत्रिका, लोणच्याच्या बरणीवरचं लेबल, ऐतिहासिक सिनेमाचं पोस्टर, गणेशोत्सवाचा फलक, सगळीकडे ‘जुन्या वळणाचा फॉन्ट’ हवा असतो. डीटीपीवाल्याला सांगितलं की तो दहा-वीस नमुने समोर टाकतो: जाड पोटाचे, दुहेरी रेघेचे, सावली पडलेले, टोकाला वेल फुटलेले. ही सगळी जुन्या छापखान्यांतली अक्षरं आहेत असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं, की यातली बहुतेक अक्षरं कुठल्याही छापखान्याच्या केसमध्ये, म्हणजे सुटी अक्षरं ठेवायच्या खणांच्या पेटीत, कधी नव्हतीच. ती ओतलेली नव्हती, काढलेली होती. हा फरक कसा पडला त्याची ही हकिगत.

मराठी मुलखात छापील देवनागरीची पहिली खटपट झाली तीच मुळी खिळ्यांवाचून, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांवाचून. नाना फडणविसांच्या काळात पुण्याच्या दरबारी चार्ल्स मॅलेट हा इंग्रज वकील होता. त्याच्या संगतीत पुण्याच्या एका तांबटाने तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरं खोदून छापण्याची विद्या उचलली. भगवद्गीता छापायचा बेत पुण्यात ठरला, पण तडीला गेला तो मिरजेत, गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने, १८०५ साली. त्याच वर्षी तिकडे बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण निघालं, ते मात्र सुट्या देवनागरी खिळ्यांनी. तिथे पंचानन कर्मकार आणि त्याच्या घरच्यांनी पूर्वेकडच्या किती तरी लिप्यांचे ठसे कोरले. पुढे मोडीचेही खिळे तिथेच झाले. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टींत पुढच्या दोनशे वर्षांचं भांडण दिसतं. मिरजेच्या पत्र्यावर लेखकाचं वळण जसंच्या तसं उतरलं, पण तो पत्रा दुसऱ्या पानाच्या कामाचा नाही. श्रीरामपूरचा खिळा हजार पानांना पुरला, पण त्या अक्षराचं वळण गेलं ठसेकोऱ्याच्या हाती.

मुंबईत हे भांडण काही काळ शिळाछापाने मिटवलं. अमेरिकन मिशनचा छापखाना १८१६-१७ च्या सुमारास सुरू झाला होता. तिथे कामाला असलेल्या गणपत कृष्णाजींनी स्वतःचा शिळाछाप उभारला आणि १८३१ साली पहिलं मराठी पंचांग छापून काढलं. छापील धर्मग्रंथाला शिवायचं कसं, शाईत चरबी असते, ही सनातनी मंडळींची हरकत होती. म्हणून गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली असं सांगतात. शिळाछापाचं तंत्र अक्षराच्या दृष्टीने फार सोयीचं. तेलकट शाईने कागदावर लिहायचं, तो कागद घडवलेल्या दगडावर दाबून मजकूर उतरवायचा आणि त्यावरून प्रती काढायच्या. लिहिणारा लहियाच. बोरू तोच, हात तोच. त्यामुळे शिळाछापाच्या पोथ्यांत समासात वेली, वरच्या अंगाला गणपती, प्रकरणाच्या शेवटी कमळ, आणि शीर्षकातलं अक्षर चौपट मोठं, असं सगळं एका हाताने घडे. शोभेचं अक्षर म्हणून वेगळा खर्च नाही.

बोरूबद्दल इथे थोडं सांगितलं पाहिजे, कारण जुन्या वळणाची सगळी गंमत त्याच्या कापात आहे. इंग्रजी लिहिण्याच्या रुंद टाकाची धार ज्या बाजूला तिरपी, त्याच्या उलट बाजूला देवनागरीच्या बोरूचं टोक कापतात. त्यामुळे उभा दंड आणि शिरोरेखा जवळपास सारख्या जाडीच्या येतात, दंडाचं खालचं टोक तिरपं तुटतं, आणि गोलाईत जाडी एका बाजूला सरकून दुसरी बाजू केसासारखी बारीक होते. ‘म’ची गाठ, ‘क’चं पोट, ‘ल’ची पाकळी हे सगळं त्या एका कापातून निघतं. अक्षर जाड करायचं तर बोरू रुंद घ्यायचा, हात तसाच चालवायचा. आजच्या कित्येक ‘जुन्या’ फॉन्टांत हा काप इंग्रजी दिशेला गेलेला असतो. मग अक्षर जुनं वाटतं खरं, पण मराठी वाटत नाही. काय बिघडलंय ते वाचणाऱ्याला सांगता येत नाही, डोळ्याला मात्र खटकत राहतं.

खिळ्यांची बाजू सावरली ती मुंबईच्या कारागिरांनी. मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहॅम नावाचा एक उमेदवार ठसे कोरायला शिकला आणि त्याने देवनागरीचे बोजड खिळे आटोपशीर केले. त्याच छापखान्यात जावजी दादाजी (जन्म १८३९) लहान वयात खिळे घासायच्या कामावर लागले. ओतून निघालेल्या खिळ्याची कड दगडावर घासून सरळ करायची, हे काम. त्यातून खिळ्याची पारख आली. राणोजी रावजी आरू हे कोरक्या हाताचे कारागीर त्यांना मिळाले. १८६४ मध्ये टाइप फाउंड्री निघाली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. पोलादी दांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, ती दांडी तांब्यात ठोकून साचा करायचा आणि साच्यात शिसं, कथील, अँटिमनीचा रस ओतायचा. राणोजींच्या हाताला बोरूचा काप माहीत होता, म्हणून निर्णयसागरचा खिळा लिहिल्यासारखा दिसतो. संस्कृत ग्रंथ छापावेत तर निर्णयसागरने, हा लौकिक काशीपर्यंत गेला. जावजी १८९२ मध्ये वारले, पण पुढे कित्येक दशकं मुंबई वळणाचा ‘अ’, ‘झ’ आणि ‘ण’ उत्तरेतल्या जुन्या रूपांना हटवत राहिला आणि शेवटी हिंदीनेही तो प्रमाण मानला. मराठी कारागिरीचा इतका दूरवर झालेला विजय फार थोड्यांना ठाऊक आहे.

याच काळात मुंबईत पोथीचा जाड खिळा घडला. खेमराज श्रीकृष्णदास यांचा १८७१ चा श्रीवेंकटेश्वर छापखाना घ्या की मराठी पोथ्या काढणारे इतर छापखाने घ्या, आडव्या पानावर ठळक काळ्या अक्षरात ओळी बसवायच्या, कारण वाचणारा चौरंगावर पोथी ठेवून समईच्या उजेडात, दोन हात अंतरावरून वाचणार. हा खिळा देखणा होता, पण शोभेसाठी मोठा केलेला नव्हता. डोळ्याची सोय म्हणून मोठा होता. वसमत, औंढा, नर्सी या भागातल्या देवघरांत कापडात बांधून ठेवलेल्या पोथ्या पाहा. हरिविजय, पांडवप्रताप, गुरुचरित्र. छापील मराठीचं गावाला घडलेलं पहिलं दर्शन हे असं.

आता जरा लंडनकडे पाहू, कारण तिथे याच शतकात अगदी वेगळी गोष्ट घडत होती. लॉटरीची जाहिरात, नाटकाचं हँडबिल, औषधाची पुडी यांना पुस्तकी खिळा पुरेना. १८१५ मध्ये व्हिन्सेंट फिगिन्सने जाड चौकोनी पायांचा खिळा काढला, १८१६ मध्ये चौथ्या विल्यम कॅस्लनने बिनपायांचा. अमेरिकेत डेरियस वेल्सने १८२७ मध्ये यंत्राने लाकडी खिळे कापायला सुरुवात केली आणि वीतभर उंचीचं अक्षर स्वस्त झालं. त्यानंतर फाउंड्र्यांत चढाओढच लागली. सावलीचं अक्षर, पोकळ अक्षर, फांद्या फुटलेलं अक्षर, दोरीचं अक्षर. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं एकेक हँडबिल म्हणजे डझनभर खिळ्यांची जत्रा. मुंबईच्या छापखान्यांत हा सगळा माल बोटीने येत होता. त्यामुळे एकाच पत्रकावर इंग्रजी मजकूर नटूनथटून आणि खाली मराठी मजकूर रोजच्या वेषात, असा प्रकार होई.

मराठीला तसले खिळे का मिळाले नाहीत? हौस नव्हती असं नाही. हिशेब आडवा येत होता. इंग्रजीत मोठी अक्षरं, लहान अक्षरं, आकडे, विरामचिन्हं मिळून शंभरच्या आत-बाहेर ठसे. शोभेच्या खिळ्यात तर नुसती मोठी अक्षरं कोरली तरी भागे. देवनागरीत व्यंजन, त्याचं अर्धं रूप, जोडाक्षरं, वर मात्रा-वेलांटी-रफार-अनुस्वार, खाली उकार. हे सगळं जुळवायला कित्येकशे ठसे लागत. इंग्रजीच्या जुळाऱ्याला दोन केस पुरत. देवनागरीचा जुळारी चारी बाजूंनी केसांच्या गराड्यात उभा. शिवाय वरची मात्रा पुष्कळदा खिळ्याच्या अंगाबाहेर डोकावणारी; दाब बसला की तुटे. ‘मात्रा उडाली’ ही प्रूफवाचकाची रोजची तक्रार होती. टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी डोकं लढवलं, शंकर आबाजी भिसे यांनी तर खिळे ओतण्याच्या यंत्रासाठी लंडन आणि न्यूयॉर्क गाठलं. जिथे रोजच्या मजकुराच्या खिळ्यांचंच गणित सुटत नव्हतं, तिथे केवळ नाटकाच्या जाहिरातीसाठी सावलीचं अक्षर कित्येकशे ठशांत कोण कोरणार, आणि ते विकत कोण घेणार? मुंबईच्या फाउंड्र्यांनी जाड, रुंद, थोडे पोकळ खिळे काढले. गुजराती टाइप फाउंड्रीसारख्यांच्या नमुनेवह्यांत चौकटी, वेलबुट्टी, गणपती-सरस्वतीचे ठसे ढिगाने सापडतात. पण नवनव्या वळणांचा पूर मराठीत आला नाही.

ती उणीव भरून काढली ब्लॉकने. चित्रकाराने कागदावर अक्षर काढायचं, त्याचा फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, आम्लाला नको तो भाग खाऊ द्यायचा आणि लाकडी ठोकळ्यावर ठोकून खिळ्यांच्या बरोबरीने मशीनवर चढवायचा. आता चित्रकार मोकळा झाला. त्याला कित्येकशे अक्षरं करायची नव्हती; समोर शब्द होता पाच अक्षरांचा, त्या पाचांतच सगळी करामत. ‘स’ची शेपटी ‘र’खाली न्यावी, शिरोरेखा तोडावी, वेलांटीचा मोर करावा. खिळ्यात हे अशक्य, कारण खिळ्याला शेजारी कोण येणार ते माहीत नसतं. मराठी शोभेचं अक्षर घडलं ते या मोकळिकीत.

का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला आणि मुखपृष्ठ ही वस्तू मराठीत रुजली. त्याआधी पुण्याच्या चित्रशाळेने (१८७८, विष्णुशास्त्री चिपळूणकरांची उभारणी) आणि घाटकोपरला १८९४ मध्ये निघालेल्या रविवर्मा छापखान्याने रंगीत तसबिरी घरोघरी पोचवल्या होत्या. कोल्हापुरात बाबूराव पेंटर हे रंगभूमीचे पडदे रंगवता रंगवता सिनेमात आले. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चं १९२४ चं पोस्टर हे भारतातलं टिकून राहिलेलं सर्वांत जुनं चित्रमय सिनेमा-पोस्टर मानतात. पडदा रंगवणाऱ्याचा रुंद सपाट ब्रश हा एका अर्थी बोरूचाच थोरला भाऊ. धार तिरपी धरली की तोच काप उमटतो. १९४५ मध्ये दीनानाथ दलालांनी ‘दीपावली’ काढलं; त्यांची आणि रघुवीर मुळगावकरांची चित्रं लोकांना आठवतात, त्या चित्रांवरची अक्षरं मात्र कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत. पुस्तकाच्या वेष्टनावर चित्रकाराचं नाव छापलं जाई, अक्षर काढणाऱ्याचं क्वचितच.

हे चित्र पालटलं कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी. टाइम्स समूहाच्या कलाविभागात त्यांनी नोकरी केली, मासिकांची नावं रेखाटली आणि १९६० च्या दशकापासून मराठी नाटकांची शीर्षकं. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’, ‘मत्स्यगंधा’ आणि पुढे मोजदाद करता येणार नाही इतकी. वर्तमानपत्रातली नाटकाची जाहिरात म्हणजे दोन बोटं रुंदीची काळी-पांढरी पट्टी. चित्राला जागा नाही, रंग नाही. त्या पट्टीत ऐतिहासिक नाटक कोणतं, फार्स कोणता, संगीत नाटक कोणतं, हे शेडग्यांच्या अक्षरावरूनच कळे. नाट्यगृहाच्या वाटेला कधी न गेलेल्या माणसालाही त्या नाटकांचं ‘अक्षर’ ओळखू येई, कारण वर्तमानपत्र एक दिवस उशिरा का होईना, वसमतच्या स्टँडवर येतच होतं. मराठी शोभेच्या अक्षराचा शिखरकाळ कोणता असं विचाराल तर मी हाच सांगेन, आणि त्यातलं एकही शीर्षक खिळ्याचं नाही.

मराठवाड्यात या सगळ्याला आणखी एक पदर होता. निजामी राजवटीत वृत्तपत्र काढायला सरकारची मर्जी लागे. लक्ष्मणराव फाटकांचं ‘निजाम विजय’ हैदराबादेत १९२० पासून चाललं, त्याचं नावच त्या मर्जीची साक्ष देतं. आ. कृ. वाघमारे यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस ‘मराठवाडा’ काढलं ते पुण्याहून. संस्थानात बंदी आली की पत्र नवं नाव घेऊन निघे. पुन्हा बंदी, पुन्हा नवं नाव. एरवी वृत्तपत्राचं शीर्षक पिढ्यानपिढ्या बदलत नाही, वाचक मजकुराआधी त्या अक्षरालाच ओळखतो. इथे वाचकाला दर वेळी अनोळखी शीर्षकाखालचा ओळखीचा मजकूर हुडकावा लागे.

आणि दुसऱ्या बाजूची उर्दू? तिथेही हीच कथा, किंबहुना जास्त ठळक. उर्दूचं नस्तालिक अक्षर तिरकं उतरत जातं, एकावर एक चढतं; शिशाच्या चौकोनी खिळ्यात ते नीट बसेना. म्हणून बहुतेक उर्दू छपाई कातिबाच्या, म्हणजे लहियाच्या, हातावर चालत राहिली, ती थेट १९८१ पर्यंत. त्या वर्षी मिर्झा अहमद जमील यांच्या अक्षरांवरून मोनोटाइपने ‘नूरी नस्तालिक’ संगणकात आणलं. हट्ट्याच्या माणसाने निजामाच्या काळात ज्या दोन लिप्या पाहिल्या, त्या दोन्हींतलं देखणं अक्षर हातानेच काढलेलं होतं.

१९४८ नंतर कचेऱ्यांवरच्या पाट्या मराठी होऊ लागल्या आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेल्यावर मराठीच राज्यकारभाराची भाषा ठरत गेली. ग्रामपंचायत, शाळा, सोसायटी, दवाखाना, नंतर एस.टी.चा थांबा, सगळ्यांना अक्षर हवं होतं आणि ते देणारा एकच: पेंटर. दोरी खडूत माखून तिचा फटका मारायचा, दोन रेघांत अक्षर बसवायचं, सपाट ब्रशने दंड ओढायचे, मग बारीक ब्रशने कडा आणि उजव्या अंगाला सावली. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, खताची आणि सिमेंटची जाहिरात, निवडणुकीचं चिन्ह, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’. आज शहरातल्या हॉटेलांना जे ‘जुनं’ अक्षर पाटीवर हवं असतं ते पुष्कळदा याच पेंटरचं असतं, पोथीचं नव्हे. पोथी आणि पाटी यांच्यात शंभर वर्षांचं अंतर आहे, हे फॉन्ट निवडणाऱ्याच्या गावीही नसतं.

अभ्यासकांनी या वारशाकडे पाठ फिरवली होती असं म्हणता येणार नाही. राज्य शासनाच्या मुद्रण खात्यात असलेल्या बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये छापला. ल. श्री. वाकणकरांनी लिपीच्या परंपरेवर आयुष्य घातलं. र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे जाहिरातक्षेत्रातून आयआयटी मुंबईत शिकवायला आले, पुढे संगणकावरच्या भारतीय अक्षरांकडे वळले. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचा. मंगल हा फॉन्ट पडद्यावर वाचायला केला होता. शासकीय परिपत्रकापासून दुकानाच्या पाटीपर्यंत तो ताणला गेला, यात जोशींचा दोष नाही.

संगणकाने खिळ्यांचा हिशेब एकदम सोपा केला. पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिप्या संगणकावर आणल्या, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीने शोभेच्या फॉन्टांचा डोंगर उभा केला आणि १९९० च्या दशकात तालुक्याच्या गावी डीटीपीचं दुकान निघालं. जे जावजींना परवडलं नसतं ते लग्नपत्रिकावाल्याला माउसच्या एका टिचकीत मिळालं. पण ते घाईचं काम होतं. पुष्कळ शोभेचे फॉन्ट म्हणजे साध्या अक्षराला ओढूनताणून लावलेली बाह्यरेषा. जोडाक्षर आलं की पाय मोडलेला, रफार भलत्याच अक्षरावर. मग फ्लेक्स आला आणि पेंटरच्या हातातला ब्रश गळाला. फ्लेक्सवर माणसांचे फोटो मोठे, नाव मोठं; अक्षराकडे कोणी बघेना.

अलीकडच्या दहा-बारा वर्षांत मात्र खरं काम झालं. फॉन्ट घडवणाऱ्या मुंबईच्या ‘एक टाइप’ने २०१५ च्या आसपास ‘मोदक’ हा फॉन्ट काढला: सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी इतकं जाड अक्षर केलं की आतली पोकळी नुसती चीर उरते, तरी जोडाक्षर वाचता येतं. कॅथरीन ली श्मिट हिने मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून ‘यात्रा वन’ केला. तिने आधी देवनागरी काढली आणि मग इंग्रजी अक्षरांनाही देवनागरीचा तिरपा काप दिला. एरवी इंग्रजीच्या साच्यात मराठी कोंबतात, इथे उलटं झालं. हनीफ कुरेशी (१९८२–२०२४) यांनी दिल्लीत पेंटरांची अक्षरं त्यांच्याच नावाने फॉन्टांत उतरवली. ‘मोदक’ आणि ‘यात्रा वन’ कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. हट्ट्यातल्या मोबाइल दुकानदारालासुद्धा. पाचच अक्षरांसाठी काढलेली करामत आता अख्ख्या वर्णमालेला लागू झाली आहे. मिरज आणि श्रीरामपूरचं भांडण मिटायला दोनशे वर्षं गेली.

वापराबद्दल माझं मत रोखठोक आहे. शोभेचं अक्षर चार-पाच शब्दांपुरतं. दुकानाचं नाव, पुस्तकाचं शीर्षक, पत्रिकेवर वधूवरांची नावं, बस्स. त्याच अक्षरात ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ पासून स्वागतोत्सुकांच्या यादीपर्यंत सगळं छापलं की पत्रिका वाचवत नाही. शब्दही बघून घ्यावा. ‘लक्ष्मी’, ‘ज्ञानेश्वरी’, ‘शृंगार’ लिहून पाहा. यांत फॉन्ट अडखळला तर तो कितीही देखणा असो, सोडून द्यावा. ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा आहे का तेही पाहावं. नोव्हेंबर २०२२ च्या शासननिर्णयाने मराठीसाठी हीच रूपं वापरायला सांगितली आहेत, तरी बाजारातले पुष्कळ फॉन्ट हिंदी वळणाचा ‘ल’ देतात.

हे आता हौसेपुरतं उरलेलं नाही. दुकानांसंबंधीच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने राज्यातल्या सगळ्या दुकानांना देवनागरी मराठी पाटी बंधनकारक झाली आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान असू नये असं ठरलं. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. कायद्याने अक्षराचा आकार सांगितला, रूप सांगितलं नाही. परिणाम मुंबईच्या कुठल्याही रस्त्यावर दिसतो: इंग्रजी नाव कारागिराने घडवलेलं, मराठी नाव संगणकात जे आधी सापडलं त्या फॉन्टात. शंभर वर्षांपूर्वीच्या हँडबिलावर होतं तेच. तेव्हा कारण तरी होतं; आज नाही.

एक विनंती आहे. हट्टा, वसमत, औंढा, हिंगोली या भागात घरी जुनी पोथी, पंचांग, निजामकाळातली किंवा नंतरची लग्नपत्रिका, नाटक-तमाशाचं हँडबिल असेल तर रद्दीत घालू नका. कागदाच्या तळाशी छापखान्याचं आणि गावाचं नाव बहुधा असतंच. इंग्रजी मुलखात ते १८६७ च्या कायद्याने छापावंच लागे. ते नाव, साल आणि शीर्षकाचा एक स्वच्छ फोटो जवळच्या ग्रंथालयाकडे द्या. आणि गावात जुना पेंटर हयात असेल तर त्याच्याकडून एकदा पूर्ण बाराखडी काढून घ्या, जोडाक्षरांसकट, आणि खाली त्याची सही घ्यायला विसरू नका.